सेवेची मुदत

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही बासी ईद म्हणतो. पहिला दिवस नातेवाइकांचा आणि दुसरा उस्ताद-दोस्तांचा, असा आमच्या मोहल्ल्याचा रिवाज आहे. गेल्या बासी ईदला दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मी पारोळ्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. बी.एड. करून नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी हा मुलगा माझ्या आठवीच्या वर्गात होता. उर्दूतून दहावी, मग अकरावीला एकदम इंग्रजीतले विज्ञान, प्रवेश परीक्षेचे दोन प्रयत्न, आणि आता एमबीबीएस. आमच्या गल्लीतला तो पहिला डॉक्टर. त्याचे नाव निघाले की माझ्या अम्मीचा आवाज अजूनही चढतो, जणू तिचाच नातू आहे.

शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवून तो म्हणाला, "आपा, एक मशवरा हवाय." एका धर्मादाय संस्थेचे वैद्यकीय पथक आफ्रिकेतल्या एका देशात पंधरा दिवसांसाठी जाणार होते. डोळ्यांची आणि हर्नियाची ऑपरेशने, शिवाय रोजची तपासणी. त्यालाही विचारणा झाली होती. तिकिटाचा निम्मा खर्च संस्था करणार, निम्मा त्याने उभा करायचा. घरी अब्बांचा विरोध होता. "इथली माणसं काय कमी आजारी आहेत?" हा त्यांचा एकच सवाल, आणि त्याच्याजवळ त्याला जवाब नव्हता.

मी विचारले, "तुला का जायचंय?"

मुलगा पहिल्यापासून खरे बोलणारा. तो म्हणाला, "सवाब तर आहेच, आपा. दुनिया बघायला मिळेल. आणि मुख्य म्हणजे तिथे हात चांगला बसेल. इथे सीनिअर लोक चाकूला हात लावू देत नाहीत."

हा 'हात बसणे' माझ्या मनात अडकून राहिला. लहानपणी अम्मी मला शिलाई शिकवायची तेव्हा आधी जुन्या चादरीचा तुकडा द्यायची. "यावर हात बसव, मग नव्या कपड्याला हात लाव," म्हणायची. तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही, आजही वाटत नाही. पण डॉक्टरचा हात बसतो तो माणसाच्या अंगावर. मग जुनी चादर कोण आणि नवा कपडा कोण, हे कोणी ठरवायचे?

मी त्याला म्हटले, "आठ दिवसांनी ये." त्या आठ दिवसांत मनात जे आले, गेले आणि राहिले, ते येथे मांडते आहे. प्रश्न त्या मुलापुरता नाही. परक्या मुलखात थोड्या दिवसांसाठी जाऊन केलेली सेवा ही खरोखर सेवा असते का? असली तर कोणाची? आणि ती कशावरून ओळखावी?

परदेशी वैद्यकीय पथक म्हटले की महाराष्ट्रात एकच नाव ओठावर येते, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. ही हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगते. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची आणि औषधांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे मदन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून आल्याने त्यांना अनुभव होता. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकलेले कोटणीस, जे तेव्हा पुढच्या पदवीची तयारी करत होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट निघाली, तेव्हा कोटणीसांचे वय सत्तावीस होते. माझ्या विद्यार्थ्याएवढेच म्हणा ना.

कायमचे राहायला कोणीच निघाले नव्हते. चीनमध्ये पोचल्यावर काही महिन्यांतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. सोबत्यांनी घरी परत जायला सांगितले, पण ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. पुढे एकेक जण परतत गेला. मुखर्जी आजारपणामुळे, मग चोळकर, मग अटल, आणि १९४३ मध्ये बसू. कोटणीस राहिले. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. नॉर्मन बेथून या कॅनडाच्या सर्जनच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाचे १९४१ मध्ये प्रमुख झाले, तिथल्या तरुणांना शिकवू लागले. त्याच इस्पितळातल्या ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा निकाह, म्हणजे लग्न झाले. वर्गात बोलताना माझ्या तोंडून निकाहच निघतो आणि मुली हसतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय बत्तीस.

१९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ असा की, एक जण परत आला नाही. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

वर्षानुवर्षे ही हकीकत सांगताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "आपा, बाकीचे चार परत आले, तर त्यांनी चूक केली का?" मी गडबडले. पुस्तक न परतलेल्याचे, चित्रपट न परतलेल्याचा, माझ्या धड्यातही चौघांची नावे एका दमात म्हणून टाकलेली. पण चीनमध्ये असताना त्या चौघांनी बांधलेल्या जखमा काही कच्च्या बांधलेल्या नव्हत्या. ज्याची जखम भरली त्याच्या दृष्टीने डॉक्टर पुढच्या वर्षी कुठे होता याला काय महत्त्व? आणि बसूंचेच पाहा. ते परतले, आणि पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले व कोलकात्यात त्यांनी ते रुजवले. परतणारा माणूस रिकाम्या हाताने परततो असे नाही.

आम्हां मुस्लिम वाचकांना जवळचे वाटेल असे याहून जुने उदाहरणही आहे. १९१२ च्या बाल्कन युद्धात तुर्कस्तानचे हाल सुरू होते. मौलाना मुहम्मद अली यांच्या 'कॉम्रेड' पत्राने हाक दिली, चंदा जमला, आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून निघाले. काही डॉक्टर, आणि बाकीचे मलमपट्टी-शुश्रूषा करणारे तरुण. सातेक महिने काम करून १९१३ च्या जुलैमध्ये पथक परत आले. अन्सारी इथे डॉक्टर म्हणूनच जगले. १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, जामिया मिल्लिया उभी करणाऱ्यांत होते, १९३६ मध्ये वारले. त्या पथकातला अब्दुर्रहमान पेशावरी हा तरुण मात्र अलीगढचे शिक्षण अर्धवट सोडून गेला होता, तो तिथेच राहिला. मलमपट्टी करणारा हा मुलगा पुढे तुर्कांच्या बाजूने लढला, वृत्तसंस्थेत काम केले, तुर्कांचा वकील म्हणून काबूलला गेला, आणि १९२५ मध्ये इस्तंबूलमध्ये गोळी लागून मेला.

चीनला राहिलेला शेवटपर्यंत डॉक्टर राहिला. तुर्कस्तानात राहिलेला लढाई आणि राजकारणाकडे गेला, आणि रुग्णांची सेवा करत राहिला तो परतलेला अन्सारी. म्हणजे राहणे आणि परतणे ही काही सेवेची कसोटी होत नाही. मग कसोटी कोणती?

आपल्याकडे चटकन उत्तर मिळते, नीयत. माणसाच्या कृतीचे मोल नीयतीवर असते हे आम्ही मदरशात पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी शिकतो. ते मला मान्य आहे. पण नीयत हा बंद्याचा आणि अल्लाहचा मामला आहे. रुग्णाला तुमची नीयत दिसत नाही, त्याला टाका दिसतो. शिवाय निव्वळ एकाच रंगाची नीयत कोणाची असते? अन्सारींच्या पथकात खिलाफतीची ओढ होती, कोटणीसांच्या पथकामागे साम्राज्यशाहीविरुद्धचे राजकारण होते. माझ्या विद्यार्थ्याच्या मनात सवाब आहे, विमानप्रवास आहे आणि हात बसवणे आहे. मी स्वतः शिबिरात काम करते तेव्हा चार बायांनी "आपा आल्या" म्हणावे हे मला आवडते. मिसळ झालेल्या नीयतीने काम नासते असे मानले तर कोणी घराबाहेर पडणार नाही. उलट अडचण दुसरी आहे. "माझी नीयत साफ होती," असे म्हणून माणूस आपल्या हातून झालेली हयगय झाकून टाकतो. हे मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेने आमच्या भागातल्या शादीखान्यात एक दिवसाचे मोफत आरोग्य शिबिर घेतले. परदेश नव्हता, पण डॉक्टरांसाठी आमची गल्ली परदेशच होती. त्यांना शहरी मराठी आणि इंग्रजी येत होते. समोर बसलेल्या बायांपैकी काही खेड्यावरून आलेल्या, अहिराणीत "माले चक्कर यी ऱ्हायनी" म्हणणाऱ्या, तर काही बुरख्यातून दबक्या आवाजात आमच्या खानदेशी उर्दूत बोलणाऱ्या. दुभाषा म्हणून मला बसवले. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी बोलत होते. तीनशेच्या वर लोक तपासले गेले. घसा बसला, पण असा समाधानाचा थकवा मी फार कमी वेळा अनुभवला आहे.

त्या रांगेत आमच्या घरापासून वीस घरे पलीकडे राहणारी एक खाला होती. साठीच्या आसपासची, विड्या वळून मुले वाढवलेली. रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी तीस गोळ्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "यांना सांगा, गोळ्या बंद करायच्या नाहीत." मी खालाला सांगितले, "गोली रोज खाना, बंद नहीं करना." तिने मान हलवली. मी पुढच्या बाईकडे वळले.

सात-आठ महिन्यांनी खालाचा डावा हात आणि डावा पाय गेला. भेटायला गेले तेव्हा ती पडून होती. मी विचारले, "खाला, गोळ्या घेत नव्हतीस का?" ती म्हणाली, "खाई ना बेटी, तीस दिन बराबर खाई. एक दिन नहीं छोडी. गोलियां खतम हुई, मैं समझी बीमारी भी खतम."

माझे भाषांतर बरोबर होते. शब्दाला शब्द होता. "बंद करायच्या नाहीत" म्हणजे संपल्या की दुसऱ्या आणायच्या, जन्मभर आणायच्या, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होते, मला ठाऊक होते, फक्त खालाला ठाऊक नव्हते. तिच्या आयुष्यात औषध म्हणजे ताप उतरेपर्यंत घ्यायची गोष्ट. आणि ज्या गोळ्यांवाचून ती पडली त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दवाखाना तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

चूक कोणाची? बरेच दिवस मी शिबिरवाल्यांना बोल लावत होते. आले, फोटो काढले, बॅनर गुंडाळले आणि गेले. तपासलेल्यांची यादी सरकारी दवाखान्यात द्यावी, कोणाला पुढे पाहायचे आहे ते लिहून ठेवावे, एवढे करायला काय हरकत होती? हा माझा आक्षेप आजही आहे. पण रात्री अंथरुणावर पडले की दुसरा प्रश्न उभा राहायचा. डॉक्टरीणबाई दोनशे मैलांवर गेल्या. मी तर वीस घरांवर होते. त्या तीस दिवसांनंतर एकतिसाव्या दिवशी मी खालाच्या दारावरून शाळेत गेले असेन, सलाम केला असेन. गोळ्यांचे विचारले नाही. माझ्या मनात शिबिर त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपले होते.

या अनुभवानंतर थोड्या दिवसांची सेवा हा प्रकारच खोटा, असे माझे मत झाले होते. ते मत पुढे मला सोडावे लागले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. तुर्कस्तानने जगाकडे मदत मागितली. भारताने 'ऑपरेशन दोस्त' या नावाने बचाव पथके पाठवली आणि लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने हताय प्रांतातल्या इस्केन्देरून शहरात इस्पितळ उभारले. नव्व्याण्णव जणांचे पथक. दोन आठवडेही पुरते झाले नाहीत तोवर त्यांचे काम आटोपून ते परतलेही, आणि तेवढ्यात साडेतीन हजारांवर रुग्ण पाहिले गेले. हीच तुकडी १९५० ते १९५४ या काळात कोरियाच्या युद्धात सेवेला होती. तेव्हा तिने वर्षे काढली, या वेळी दिवस. कोरियातली सेवा थोर आणि तुर्कस्तानातली हलकी, असे कोणी म्हणेल का? ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाला डॉक्टर त्याच तासाला हवा असतो. तिथे दहा दिवस म्हणजे थोडे नव्हेत.

इथे मला वाट सापडल्यासारखे वाटले. सेवेची मुदत पाहुण्याच्या रजेवरून ठरू नये, ती रोगावरून ठरावी. मोडलेले हाड बसवायचे असेल तर दिवस पुरतात, पण रक्तदाब, साखर, क्षय यांना आठवडे पुरत नाहीत. मोतीबिंदू काढायला अर्धा तासही लागत नाही, पण त्यानंतर डोळ्यात थेंब टाकायला, तो डोळा लाल झाला तर ओळखायला कोणी तरी पंधरा-वीस दिवस जवळ लागते. ज्या रोगाला वर्षे लागतात तिथे दोन आठवड्यांचा डॉक्टर गेला तर तो वाईट ठरत नाही, तो अर्धा ठरतो. उरलेला अर्धा कोण, हे जाण्याआधी माहीत असले पाहिजे. कोटणीस मला आता वेगळ्या कारणाने मोठे वाटतात. ते तिथे मेले म्हणून नव्हे. ते तिथली भाषा शिकले आणि तिथल्या मुलांना शिकवत गेले, त्यामुळे त्यांच्या मागे काम थांबले नाही. बत्तिसाव्या वर्षी मृत्यू येणार हे त्यांना माहीत नव्हते, पण आपण नसलो तर काय, या प्रश्नाची सोय त्यांच्या रोजच्या कामातच झालेली होती.

आता त्या हात बसण्याकडे येते. डॉक्टरने शिकूच नये असे मी म्हणत नाही. मीही माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांवरच शिकवायला शिकले, त्यांत हा मुलगाही होता. त्याला मी किती तरी चुकीचे शिकवले असेल. पण त्या वर्षी माझ्या वर्गाबाहेर मुख्याध्यापक होते, पालक होते, चुकले तर विचारणारे कोणी होते. कोटणीसही शिकण्याच्या वयात गेले, पण डोक्यावर अटलांसारखा अनुभवी माणूस होता. धोका कुठे आहे? इथे जो चाकू हाती मिळत नाही तो तिथे मिळतो, यात धोका आहे. तो का मिळतो? तिथले शरीर वेगळे असते म्हणून नव्हे. तिथल्या माणसाला तक्रार कुठे करायची ते ठाऊक नसते, आणि तक्रार करेपर्यंत डॉक्टरचे विमान उडालेले असते. गरिबाच्या अंगावर हात बसवून मग श्रीमंताच्या अंगाला हात लावणे, हे आम्हांला नवे नाही. खालाच्या पिढीने सरकारी वॉर्डात ते भोगले आहे. आम्ही जे भोगले तेच आमचा मुलगा समुद्रापलीकडे जाऊन दुसऱ्या खालाला देणार असेल, तर त्याला मी खिदमत कशी म्हणू?

आणि त्याच्या अब्बांचा सवाल राहिलाच. इथली माणसे कमी आजारी आहेत का? नाहीत. शेजाऱ्याचा हक्क आमच्याकडे मोठा मानला आहे. तरीही या सवालाने मी पुरती बांधली जात नाही. १९३८ साली सोलापुरात आजारी माणसे नव्हती काय? १९१२ साली दिल्लीत तापाने कोणी मरत नव्हते काय? आधी घर, मग गल्ली, मग गाव, मग जग, असा हिशेब मांडला तर जगाची पाळी कधी येणारच नाही, कारण घरच कधी पुरे होत नाही. आणि मदत मागणाऱ्याने आपण शेजारी नाही म्हणून मागूच नये काय? पण मला एवढे कळते की जवळचे आणि लांबचे ही दोन दुखणी एकमेकांच्या आड येत नाहीत, आड येते ती आपली नजर. लांबचा रुग्ण आपल्याला दोन आठवडे दिसतो आणि त्या दोन आठवड्यांत आपण आपल्या सर्वोत्तम रूपात असतो. जवळचा रुग्ण रोज दिसतो, तक्रार करतो, उसने मागतो, आणि आपण त्याला कंटाळतो. लांब जाणे त्या कंटाळ्यावरचा उतारा होऊ नये. ज्याला वीस घरांपलीकडची खाला दिसते तो समुद्रापलीकडे गेला तरी तिथली खाला त्याला दिसेल.

आठ दिवसांनी मुलगा आला. मी त्याला जा किंवा जाऊ नको, काहीच सांगितले नाही. तीन प्रश्न एका कागदावर लिहून दिले. पहिला, तुम्हांला बोलावले कोणी? तिथल्या इस्पितळाने, तिथल्या डॉक्टरांनी मागणी केली आहे की आपणच ठरवून निघालो? झू दे यांचे पत्र आधी आले, बोट नंतर निघाली, हे लक्षात ठेव. दुसरा, तुम्ही परतल्यावर सोळाव्या दिवशी रुग्णांचे कागद कोणाच्या हाती असतील, आणि त्याची भाषा त्या रुग्णांना कळते का? तिसरा, जे काम तू तिथे करशील ते धुळ्याच्या किंवा जळगावच्या इस्पितळात, माझ्या अम्मीवर, तुला करू दिले जाईल का? दिले जाणार नसेल तर तिथेही करायचे नाही.

पहिले दोन प्रश्न त्याने संस्थेला लिहून विचारले. आठवड्याने त्याचा फोन आला. तिथल्याच एका इस्पितळाने पथकाला बोलावले होते, आणि रुग्णांच्या नोंदी त्याच इस्पितळाकडे राहणार होत्या. तिथल्या परिचारिका थेंब, पट्ट्या, टाके पाहणार होत्या. मी म्हटले, "आणि तिसरा?" तो थोडा थांबून म्हणाला, "तिसरा त्यांना विचारण्याचा नव्हता, आपा. मी पथकप्रमुखांना कळवलं, मी चाकू धरणार नाही. तपासणी आणि ऑपरेशननंतरची देखभाल करेन. ते म्हणाले, तेच करणारं माणूस कमी पडतं." त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती. ती मी ऐकून घेतली, समजावत बसले नाही. तिकिटाच्या त्याच्या वाट्यातले काही पैसे मी द्यायचे कबूल केले आहे. अब्बा अजून राजी नाहीत. त्यांना राजी करणे हे त्याचे काम.

माझ्यापुरते मी एक केले आहे. शंभर पानी वही घेतली. त्या शिबिरात गेलेल्यांपैकी ज्या बाया मला आठवतात, ज्यांची घरे मला ठाऊक आहेत, त्यांची नावे लिहिली. अठ्ठावीस झाली. आमच्या भागातल्या आशाताईंना बरोबर घेऊन महिन्यातून एका रविवारी मी त्या घरी जाते. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बघते, नव्या आणल्या का विचारते, नसतील तर दवाखान्यात कोण जाणार ते ठरवून उठते. याला मोठे नाव द्यावे असे काही नाही. पाच-सहा तास जातात. कधी पाहुणे येतात, कधी पेपर तपासायचे असतात, तेव्हा जीवावर येते. शिबिराच्या दिवशीचे ते समाधान यात मिळत नाही, हेही सांगून टाकते.

खालाचे घर वहीत पहिले आहे. आता ती काठी धरून उंबऱ्यापर्यंत येते. गेल्या खेपेला तिने विचारले, "वो डाक्टरनी फिर कब आएगी, बेटी? अच्छी थी बेचारी." मी म्हटले, "मालूम नहीं, खाला." आणि गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजली. नऊ उरल्या होत्या. गुरुवारी कोणाला पाठवायचे ते आम्ही दोघींनी ठरवले.